कंट्रोलर ढिम्म का बसतो?

स्विचचं काम करणारा प्रोग्रॅम आपण लिहिला आणि कंट्रोलरला जोडला. कनेक्शन जुळतं. कंट्रोलरचा 'हॅलो' येतो, आपला जातो. आणि पुढे काहीच नाही.

नेटवर्कमधल्या स्विचनी फक्त पॅकेट पुढे सरकवायची, निर्णय मात्र कंट्रोलर नावाच्या एका प्रोग्रॅमने घ्यायचे. या मांडणीसाठी स्टॅनफर्डच्या निक मॅककिओन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ओपनफ्लो ही बोली मांडली. ती टीसीपी सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅममध्ये बाइट क्रमाने पोचवणाऱ्या जोडणीवरून, बोलली जाते; पोर्ट (कंट्रोलरच्या दाराचा क्रमांक) ६६५३, जुन्या कंट्रोलरांवर ६६३३. 'कनेक्शन नाकारलं' असं तोंडावर सांगितलं गेलं तर बरंच म्हणायचं: पोर्ट चुकलाय, कंट्रोलर बंद आहे किंवा तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच संगणकापुरता, ऐकतोय. छळते ती शांतता.

निरोप पाठवला गेला, असं प्रोग्रॅम म्हणतो. त्याचा अर्थ एवढाच, की बाइट आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती पडले. पलीकडून टीसीपीची पोच आली, तरी ती तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमची. कंट्रोलरला काय कळलं, ते त्यात नसतं.

शिवाय टीसीपी निरोप ओळखतच नाही. तो वाहतो नुसते बाइट. मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. तसंच हे. एका वाचनात अर्धा निरोप येईल, नाहीतर दीड. म्हणून ओपनफ्लोच्या प्रत्येक निरोपाला ८ बाइटचं शीर्षक असतं: आवृत्ती १ बाइट, प्रकार १, लांबी २ आणि निरोपाचा क्रमांक ४.

गोम बहुधा त्या लांबीत असते. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो, पण लिहिताना २ आधी लिहितो. संगणकांचंही असंच आहे. नेटवर्कवर आकड्याचा मोठ्या किमतीचा बाइट आधी, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये लहान किमतीचा आधी. नुसत्या 'हॅलो'ची लांबी ८, म्हणजे ०० ०८. क्रम उलटला की ०८ ००, आणि पहिल्या बाइटची किंमत २५६ पट असल्याने ते होतात २०४८! कंट्रोलर बिचारा उरलेल्या २०४० बाइटची वाट बघत बसतो. गंमत अशी, की बाकीचे रकाने या चुकीतून सुटतात. पहिले दोन एकेका बाइटचे, आणि क्रमांक कंट्रोलर उत्तरात जसाच्या तसा परत करतो.

म्हणून कोड उकरण्याआधी वायरशार्क (नेटवर्कवरचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) लावून आपल्या 'हॅलो'चे पहिले चार बाइट बघावेत. ओपनफ्लो १.३ मध्ये (तिचा आवृत्तीचा आकडा ०४), नुसताच 'हॅलो' असेल तर, ते ०४ ०० ०० ०८ हवेत. ०४ ०० ०८ ०० दिसले तर चोर सापडला. पायथॉनमध्ये हे आकडे बाइटमध्ये बांधायच्या साच्याच्या (struct) सुरुवातीला एक उद्गारचिन्ह टाकलं की क्रम सुधारतो.

मग पलीकडून ०४ ०५ ०० ०८ येतात. प्रकार ५ म्हणजे कंट्रोलर विचारतोय: तू कोण, आणि तुला काय काय येतं?