चालत्या माणसाचा ईसीजी आणि हालचालीचा नॉईज : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवला, तेव्हा पाठीवरच्या यंत्राचं वजन सुमारे 38 किलो होतं. 1961च्या त्यांच्या लेखानंतर टेपवर नोंद करणारी आटोपशीर यंत्रं आली. ओझं उतरलं, हालचालीने रेघेत येणारी थरथर, म्हणजेच नॉईज, मात्र राहिली.

पहिला उपाय जागेचा होता. 1966 मध्ये मेसन आणि लिकर यांनी व्यायाम चाचणीसाठी हातापायांचे इलेक्ट्रोड (हृदयाचे विद्युत संकेत टिपणाऱ्या, त्वचेवर लावायच्या चकत्या) धडावर आणले. स्नायूंची कुरकुर घटली, पण हृदयाचा अक्ष, म्हणजे त्याच्या विद्युत लहरीची एकूण दिशा, सरकलेला दिसू लागला. म्हणून असा ईसीजी झोपून काढलेल्या ईसीजीशी थेट ताडून पाहू नये.

दोष वायर आणि धातूवर टाकण्याची सवय जुनी. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडने धातू आणि त्याखाली लावायच्या वाहक जेलमधली सीमा बरीच स्थिरावली, तरी रेघ उड्या मारायचीच. खरी खोडी त्वचेची. त्वचेच्या आतबाहेर सुमारे 30 मिलिव्होल्टचा फरक असतो; ती ताणली की तो 25च्या आसपास येतो. हृदयाचा मुख्य ठोका जेमतेम 1 मिलिव्होल्टचा, म्हणजे नॉईज त्याच्या पाचपट! 1977 मध्ये टॅम आणि वेबस्टर यांनी बारीक सँडपेपरने त्वचा घासून हा ताणाचा परिणाम घटवता येतो हे दाखवलं. मात्र घासलेल्या जागी तीव्र जेल झोंबतं आणि 24 तासांच्या नोंदीत पेशंट वैतागतो. म्हणून व्यवहारात केस काढणं, हलकं घासणं, छातीच्या मध्यहाडावर किंवा फासळीवर इलेक्ट्रोड लावणं आणि वायरचा एक वेढा टेपने चिकटवणं, एवढं तरी चुकवू नये.

नको त्या वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरलाही मर्यादा आहे. श्वासाने डोलणारी आधाररेषा हाय-पास फिल्टरने (संथ लहरी गाळणाऱ्या) सरळ होते. पण साध्या फिल्टरची सीमा 0.5 हर्ट्झवर नेली की एसटी भाग (मुख्य ठोक्यानंतरचा रेघेचा तुकडा) वाकतो आणि नसलेला इस्केमिया, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडणं, दिसू शकतो. इलेक्ट्रोडच्या धक्क्याची वारंवारता तर ठोक्याच्याच पट्ट्यात येते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या मूडी आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये तयार केलेल्या नॉईज संचात आधाररेषेचं डोलणं, स्नायू आणि इलेक्ट्रोडची हालचाल वेगळी ठेवली आहेत. तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक, कारण तो अवेळी ठोक्याचं सोंग घेतो.

विड्रो आणि सहकाऱ्यांचं 1975चं अॅडॅप्टिव्ह फिल्टरिंग, म्हणजे नॉईजप्रमाणे स्वतःला जुळवून घेत तो वजा करणारी पद्धत, इथे आशादायक वाटलं. त्याला नॉईजशी संबंधित, पण ईसीजीचा अंश नसलेला संदर्भ सिग्नल लागतो. हालचाल टिपणारा अॅक्सेलरोमीटर स्वस्त झाल्यावर तो संदर्भ हाती आला, पण अॅक्सेलरोमीटर त्वरण (वेगातला बदल) मोजतो, त्वचेचा ताण नाही. चालण्याच्या एकसुरी लयीत जमतं. अंगरखा एकाच इलेक्ट्रोडला ओढतो तेव्हा नाही.

पवईच्या आयआयटीत पवार, चौधुरी आणि दत्तगुप्ता यांनी 2007च्या निबंधात प्रश्नच उलटा केला: ईसीजीतल्या त्याच नॉईजवरून माणूस काय करतोय हे ओळखायचं.

ठोके मोजणाऱ्या मनगटी घड्याळात इलेक्ट्रोडऐवजी प्रकाश आला, हालचालीची खोडी तीच. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला 160 आणि ठोकेही 160च्या आसपास असले, तर घड्याळ पावलंच मोजत बसतं.