नदीकाठचा तंबू-मुक्काम

नदीच्या काठावर तात्पुरता किंवा हंगामापुरता तंबू उभारून एक-दोन रात्री राहणे. या मुक्कामाचे शब्द मराठीत जुने आहेत : राहुटी, डेरा, कनात, पाल. भटक्या जमाती आजही ‘पाल ठोकतात’. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या पैलतीरावरील ६५ एकर जागेत दिंड्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. हौसेच्या मुक्कामासाठी मुंबई-पुण्याची माणसे ज्या काठांवर जातात, त्यांत रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळचा कुंडलिका नदीचा काठ राफ्टिंगमुळे विशेष ओळखीचा झाला आहे. ही नोंद मुख्यतः त्या काठाला धरून आहे. तिथे नदी पावसापेक्षा वीजघराच्या वेळापत्रकाने वागते, आणि तंबूची जागा निवडताना नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

कुंडलिकेचे पाणी

कुंडलिका सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या फाल्गुनात डोहांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणात अडवलेले पाणी स्वाभाविक उताराने पूर्वेकडे भीमेत गेले असते. ते बोगद्याने आणि नळांनी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली पश्चिमेला भिरा येथे आणले जाते. टाटांचे भिरा वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह चालवला, ते हेच धरण. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोलाडला येणारा प्रवासी वाटेत मुळशीचा जलाशय पाहतो आणि त्याच जलाशयाच्या पाण्याशेजारी रात्री झोपतो.

जनित्रे फिरवून झाल्यावर पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. विजेची मागणी वाढली की पाणी वाढते, मागणी उतरली की पात्र आटते. राफ्टिंग सकाळी होते ते यामुळेच : सकाळी सोडलेल्या पाण्यावर सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा तराफ्यांतून पार करता येतो. संध्याकाळी चार-पाचला पोहोचलेल्या पाहुण्याला मात्र वेगळीच नदी दिसते. दगड उघडे पडलेले, मध्ये वाळूची पुळण, घोट्याएवढी धार. तंबू लावायला याहून सुरेख जागा नाही असे वाटते, आणि फसगत होते ती इथेच. आकाशात ढगाचा तुकडा नसताना हे पाणी वाढते.

धरणाखालच्या नद्यांचा हा धोका केवळ कुंडलिकेपुरता नाही. जून २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाणी वाढताना दिसते आहे, पण खडकावरून काठापर्यंत परतायची वाट आधीच बंद झाली आहे, अशी ती अवस्था असते.

जागेची निवड

पहिले काम तंबू उलगडण्याचे नाही. काठ वाचण्याचे आहे. करंज, जांभूळ, उंबर अशा काठावरच्या झाडांच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतात. ही कचऱ्याची रेघ म्हणजे मागच्या पुराने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद. तंबू या रेघेच्या वरच हवा, निदान माणसाच्या दुप्पट उंचीवर. पात्रातले दगड हिरवट आणि निसरडे असतील तर ते रोज भिजतात असे समजावे. पांढरे, कोरडे, पायाला खरखरीत लागणारे दगड केवळ पुरातच बुडतात. नदीच्या मधल्या बेटावर तंबू कधीही लावू नये. पाणी वाढले की दोन्ही अंगांनी वाट तुटते. ओढा नदीला मिळतो ती सपाट, मऊ जागाही टाळावी. ती सपाट झाली आहे ती ओढ्याने आणून टाकलेल्या गाळामुळेच.

पोहोचताच पाण्याच्या कडेशी एक काठी रोवावी आणि दर अर्ध्या तासाने तिच्याकडे पाहावे. काठी दोन बोटे बुडाली, स्वच्छ पाणी गढूळ झाले, पाला वाहत येऊ लागला किंवा धारेचा आवाज जाड झाला, तर यांतली एक खूणही पात्रातून बाहेर पडायला पुरेशी आहे. पाणी कधी सोडणार हे तंबूंचे तळ चालवणाऱ्यांना आणि गावकऱ्यांना ठाऊक असते. ते विचारावेच, पण त्या उत्तराच्या भरवशावर पात्रात झोपू नये.

वरही पाहावे लागते. वाळकी फांदी डोक्यावर नको. मोठ्या झाडावर आग्यामोहोळ असेल तर त्याखाली शेकोटी पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण धुराने माश्या उठतात. फळलेल्या उंबराखाली वटवाघळे रात्रभर फळे पाडत राहतात. त्यात धोका नाही, पण झोप लागत नाही.

तंबूचे प्रकार

कोलाडच्या तळांवर दोन प्रकार दिसतात. पहिला ‘स्विस तंबू’ : सिमेंटच्या किंवा दगडी चौथऱ्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर जाड कापडाचे दुहेरी छत, आत पलंग, मागे न्हाणी. दोन छतांमधल्या मोकळ्या जागेतून वारा फिरतो, म्हणून दुपारी आत बसता येते. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात आणि छिद्रे मिटतात. मात्र पाऊस चालू असताना आतून त्याला बोट लावले की त्या जागी पाणी झिरपू लागते. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. दुसरा प्रकार घुमटाकार दुपदरी तंबू : आतला जाळीदार कापडाचा, बाहेरचा जलरोधक आवरणाचा. ‘चार माणसांचा’ असे लिहिलेल्या घुमटात सामानासह दोन, फार तर तीन माणसे नीट झोपतात. बाहेरच्या कापडावर १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर असा आकडा असतो. त्यावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. कोकणच्या अवकाळी सरीला १,५०० तग धरते, पण तळाच्या कापडाला ३,००० हवे, कारण त्यावर गुडघ्याचा दाब येतो.

अलीकडे काही तळ गोल तंबूंना ‘यर्ट’ म्हणतात. खरा यर्ट, म्हणजे मंगोलियातील गेर, ही वेगळीच वस्तू आहे. लाकडी जाळीची घडीची भिंत, मधल्या कड्याला टेकणारे वासे आणि वर लोकरीचा नमदा अशी त्याची घडण. तो बांधण्याची परंपरागत कारागिरी युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कोरड्या, थंड गवताळ प्रदेशात तो उत्तम असतो. कोकणच्या दमट हवेत मात्र नमदा ओल धरतो, त्याला वास येतो आणि बुरशी चढते. म्हणून इथले ‘यर्ट’ बहुधा गोल आकाराचे कॅनव्हासचे तंबूच असतात.

उभारणी

उजेड असताना सुरुवात करावी. हिवाळ्यात दरीत पाच-साडेपाचलाच सावली पडते. जमीन किंचित उतरती असावी आणि डोके चढाकडे येईल असे पाहावे. खडे हाताने वेचावेत. खाली अंथरायचा ताडपत्रीचा तुकडा तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटे आत दुमडावा. तो बाहेर राहिला तर सरीचे पाणी त्यावर पडून थेट अंथरुणाखाली जाते. ‘तंबू खालून गळतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

दांडे कापडी नळीत घालताना ढकलावेत, ओढू नयेत. ओढले की सांधे आतच सुटतात आणि फायबरचा दांडा तिथे चिरतो. मेख सरळ ठोकू नये. तिचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले, जमिनीशी सुमारे ४५ अंशांचा कोन, आणि तणाव्याची दोरी तिच्याशी काटकोनात, अशी ती ठोकावी. लाकडी मोगरी नसेल तर दगड चालतो, पण दगडाने मेखेचे डोके वाकते. काठाच्या भुसभुशीत वाळूत मेख टिकत नाही. तिथे हातभर लांब काठी आडवी घेऊन तिच्या मध्याला दोरी बांधावी, ती वीतदीड वीत खोल पुरावी आणि वर वाळू चेपून दगड ठेवावा. हा आडवा खुंटा ओढून काढायला दोन माणसे लागतात.

दिवसा दरीत वारा बहुधा खालून वर वाहतो, रात्री थंड हवा डोंगरावरून उतरून नदीच्या दिशेने खाली सरकते. म्हणून तंबूची पाठ नदीच्या वरच्या अंगाला असावी. नायलॉनचे आवरण दवाने भिजले की सैल पडते. रात्री नऊ-दहाला तणावे पुन्हा एकदा ताणून घेतले तर पहाटे ओले कापड तोंडावर येत नाही.

पहाटेची ओल

पाऊस नसताना सकाळी तंबू आतून भिजलेला सापडतो आणि तंबू वाईट निघाला असे वाटते. ते बाहेरचे पाणी नसते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात निदान पेलाभर वाफ निघते, नदीची हवा आधीच दमट असते, आणि थंड आवरणाला लागून तिचे थेंब होतात. उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे : वरची झडप आणि दाराचा वरचा वीतभर भाग जाळीवर उघडा ठेवावा, आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नये, ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत. थंडी वाजते म्हणून सगळे बंद केले की ओल वाढते आणि ओलीने थंडी आणखी वाढते. अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची पट्टी हवी. जमीन अंगातली ऊब खालून ओढून घेते. वरून दोन चादरी वाढवल्याने ती थांबत नाही.

तंबूत निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. या नोंदीतील एकच सूचना पाळायची असेल तर ती ही आणि पात्रात तंबू न लावण्याची, अशी दोन्ही मिळून एक समजावी.

साप, विंचू

कोकणात नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप आहेत. तंबूत राहणाऱ्याने मण्यारीची विशेष काळजी घ्यावी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश फारसा दुखत नाही. पहाटे पोटात दुखणे आणि पापण्या जड होऊन मिटणे ही तिची खूण. जाळीची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बचाव आहे. खाण्याचे डबे तंबूत ठेवले की उंदीर येतात आणि उंदरामागून साप येतात. बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून झटकावेत. कोकणचा लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठणारा होता, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यावर मृत्यू खूपच कमी झाले. दंश झाल्यास चिरू नये, आवळून बांधू नये; अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि सरळ रुग्णालय गाठावे. जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि मोबाइलला रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, हे उजेडीच पाहून ठेवावे.

पाण्याशी वागणूक

डोह वरून शांत दिसतात. खडकाळ पात्रात रांजणखळगे असतात. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोल जाते. जीवरक्षक जाकीट फक्त तराफ्यात नव्हे, काठावरच्या डुंबण्यातही घालावे, आणि दारू घेतलेल्याने पाण्यात उतरूच नये. भांडी व अंग नदीत धुऊ नये. पाणी बादलीने वर आणून काठापासून ६० मीटर दूर वापरावे; शौचाचा खड्डाही तितकाच दूर, वीतभर खोल. खालच्या अंगाला हेच पाणी डोलवहाळ बंधाऱ्यातून कालव्याने भातशेतीला जाते. गंगेच्या काठी कौडियाला ते हृषीकेश या पट्ट्यात वाळूवरच्या तंबूंची गर्दी इतकी वाढली की राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथले तळ बंद केले.

हंगाम आणि परतणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये रात्र सुखाची असते, पण सकाळी आठनंतर घुमटाकार तंबूत थांबवत नाही. जून ते सप्टेंबर काठावर तंबू लावूच नये. तळ चालू असला तरी त्या महिन्यांत पक्क्या खोलीत राहावे. घाटावर पडलेल्या पावसाचा लोंढा इथे सर न पडताही येतो.

तंबू काढताना तो आतून-बाहेरून पुसून उन्हात उलटा टाकावा. घाईत ओला गुंडाळला तर कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत काळे ठिपके उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत. आवरणाचा आतला लेप चिकट होऊन सोलला जातो. घरी पोहोचल्यावर गच्चीत किंवा बाल्कनीत तो परत एकदा पसरावा, मेखांची माती धुवावी आणि त्या मोजून पिशवीत ठेवाव्यात. काठावरच्या वाळूत एक-दोन हमखास राहून गेलेल्या असतात.