गेंडामाळावरचे सतरा आणि ‘हुतात्मा’ हा शब्द

सप्टेंबर १८५७मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झाले. पाच जण फाशी गेले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले, सहा जणांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्या पाचांत साताऱ्याच्या महाराजांचे वकील रंगो बापूजी यांचा मुलगा सीताराम होता. त्या जागेला लोक ‘फाशीचा वड’ म्हणतात. म्हणजे जागेच्या नावात पाच जण राहिले आणि बारा जण गळाले. तोफेपुढे बांधलेल्यांचे देहही घरच्यांच्या हाती लागण्यासारखे उरले नव्हते. त्यांच्यासाठी वड नाही, समाधी नाही. एक वाक्प्रचार तेवढा उरला. ‘तोफेच्या तोंडी दिले’ हे आज आपण कचेरीतल्या कुणाला साहेबापुढे उभे केले तरी सहज म्हणतो.

मागचा इतिहास सातारकरांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि १८५३पर्यंत तिथे अर्ज करत राहिले. दरम्यान १८४८मध्ये दत्तक नाकारून राज्यच खालसा झाले. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात दत्तक नामंजुरीच्या या धोरणाखाली बुडालेले ते पहिले संस्थान. चौदा वर्षे सनदशीर मार्गाने झगडून रिकाम्या हाती परतलेल्या माणसाने मग कोळी, रामोशी, मांग यांची जुळवाजुळव सुरू केली. तुरुंग फोडायचा, खजिना घ्यायचा, छावणीवर चालून जायचे, असा बेत होता. जूनमध्ये पलटणीत फितुरी पसरवल्याच्या आरोपावरून एका परदेशी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, चपराश्याला फाशी झाली. ऑगस्टमध्ये राजघराण्यातल्या माणसांना साताऱ्याबाहेर हलवले. बेत फुटला होता. रंगो बापूजी निसटले, मुलगा सापडला.

या सतरा जणांना आज आपण ‘हुतात्मे’ म्हणतो. त्यांच्या हयातीत असे कुणी म्हणाले नसते, कारण हा शब्द या अर्थाने चालतच नव्हता. सरकारी कागदात राजद्रोह होता आणि लोकांच्या तोंडी ‘बंड’, ‘बंडवाले’. ‘हुतात्मा’ विसाव्या शतकात रुळला, आणि तो रुळवण्याचे श्रेय सहसा सावरकरांना दिले जाते. हुत म्हणजे होमात अर्पिलेले. ज्याने स्वतःच स्वतःची आहुती दिली, तो हुतात्मा. अर्थ इतका नेमका आहे, पण वापर तसा राहिला नाही.

एकाच संध्याकाळी, एकाच तुरुंगात फाशी गेलेल्या तिघांबद्दल बोलताना मराठी माणूस ‘शहीद भगतसिंग’ म्हणतो आणि ‘हुतात्मा राजगुरू’. दोन्ही शब्दांत आदर सारखाच, पण मुळात एक साक्षीचा आहे आणि दुसरा आहुतीचा. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेले १०५ जणही हुतात्मे झाले. मुंबईतल्या चौकाला ते नाव मिळाले आणि शब्द अधिकच पसरला. सीमेवर पडलेल्या जवानासाठीही साताऱ्याच्या गावागावांत हाच शब्द फलकावर लिहिला जातो. यातला प्रत्येक जण आदराला पात्र आहे, याबद्दल वाद नाही. पण शासनाने आरोप ठेवला, न्यायासनापुढे उभे केले, नाव पुकारून शिक्षा वाचली आणि ठरवून मारले, ही गोष्ट या एका शब्दात झाकली जाते. गेंडामाळावर गर्दीत सुटलेल्या गोळीने कुणी मेले नाही. तिथे सतरा नावांची यादी होती आणि कुणाला कसे मारायचे हेही त्या यादीत ठरलेले होते.

आमच्या जिल्ह्यात या शब्दाला आजचा अर्थ आला तो १९४२मुळे. ऑगस्टच्या अखेरीपासून कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. कऱ्हाडचा शांततेत पार पडला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला आणि अंमलदारांना गांधी टोपी घालावी लागली. तोवर रक्त सांडले नव्हते. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे पडले. त्यातला एक किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातला अभियंता होता. ही माणसे झेंडा घेऊन निघाली होती. मरायचे ठरवून निघाली होती असे म्हणता येत नाही, आणि बंदुका समोर दिसल्यावरही पुढची रांग मागे वळली नाही, हेही तितकेच खरे. मग आहुती कोणत्या क्षणी दिली? माझ्या मते त्या क्षणी, मागे न वळताना. त्यामुळे वडूजला हा शब्द शोभतो. गेंडामाळाला मात्र तो अपुरा पडतो, कारण तिथल्यांना मागे वळायला वाट ठेवलेली नव्हती.

बेचाळीसनंतर जिल्ह्यात इंग्रजांना समांतर चाललेल्या प्रतिसरकारचा काळ, त्याचे केंद्र कुंडल, त्याची तुफान सेना, २४ जुलै १९४३ला सांगलीचा तुरुंग फोडून निघालेले कैदी, यांवर इतके बोलले गेले आहे की इथे पुन्हा सांगत नाही. एवढेच नोंदवतो की तुरुंग फोडण्याचा जो बेत १८५७मध्ये साताऱ्यात फसला, तो शहाऐंशी वर्षांनी सांगलीत साधला, तोही भरदिवसा.

१९४९मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. वडूज साताऱ्यात राहिले. इस्लामपूर, तासगाव, कुंडल दक्षिण साताऱ्यात गेले; त्याच जिल्ह्याला १९६०मध्ये सांगली हे नाव मिळाले. एका आठवड्यातल्या घटनांची आठवण अशी दोन जिल्ह्यांत वाटली गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने गावोगाव हुतात्मा स्मारके बांधली, राज्यभरात दोनशेच्या आसपास. हा निर्णय मला आजही मोलाचा वाटतो. पण सगळीकडे घाट जवळपास एकच, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला इथे मोर्चा निघाला होता की खटला चालला होता, हे इमारतीवरून कळत नाही. त्यातही आठवणीचा तराजू बेचाळीसकडे झुकला, कारण बेचाळीसच्या हुतात्म्यांची मुले, भाचे, शेजारी हयात होते. सत्तावनच्या सतरांसाठी बोलायला कोण होते?

सीतारामची तर आणखीच अडचण. तो आजही कुणाचा तरी मुलगा म्हणूनच सांगितला जातो, आणि वर मीही तसाच सांगितला. बाप चौदा वर्षे विलायतेत, आल्यानंतर दोघांच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे. रंगो बापूजींना धरून देणाऱ्याला सरकारने इनाम लावले होते. ते इनाम कुणालाच मिळाले नाही. रंगो बापूजी अखेरपर्यंत सापडले नाहीत.