बेळगावचा किल्ला आणि बेळगावचा कॅम्प

बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "तुमचं बेळगाव मिलिट्रीनंच वसवलं ना?" रस्त्यावर जवान दिसतात, किल्ल्याच्या आतही लष्कराचा वावर आहे, त्यामुळे किल्ला आणि कॅम्प नावाचा लष्करी भाग म्हणजे एकच छावणी असा समज होतो. या दोघांच्या वयात सहा शतकांहून जास्त अंतर आहे. आणि छावणी म्हणून जन्मला तो फक्त कॅम्प. गाव नव्हे.

आधी किल्ला. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज यानं १२०४ च्या सुमारास तो बांधला असं मानतात. त्याच वर्षाचे बेळगावचे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत या जागेचं नाव येतं वेणुग्राम, बांबूंचं गाव. म्हणजे तेव्हाही इथं नाव असलेलं, जिनालयाला दानं देणारं गाव नांदत होतं. ते लेख इतक्या लांब आहेत याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढं १४७३ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गवान यानं किल्ला घेतला. मग आदिलशाही आली, मराठे आले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोनं तीन आठवडे वेढा घातल्यावर पेशव्यांच्या शिबंदीनं किल्ला सोडला. पण खंदक ओलांडून आत गेलात की लढाईपेक्षा दुसरंच काही मनात राहतं. दाराशी दुर्गादेवी, आत छताला दगडी कमळ असलेली कमळ बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आणि सफा मशीद. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे उतरले होते, त्या जागी आज रामकृष्ण आश्रम आहे.

कॅम्प सुरू होतो मन्रोच्या विजयानंतर. इंग्रजांना फौज ठेवायला जागा हवी होती. सह्याद्रीच्या पाठीवरची थंड हवा त्यांना मानवणारी होती, आणि घाट उतरलं की पोर्तुगीजांचा गोवा. १८३२ मध्ये इथं कॅन्टोन्मेंट झालं. इथं तट नाही, बुरूज नाही, खंदक नाही. सरळ रुंद रस्ते, मोठ्या आवारातले बंगले, कवायतीची मैदानं, १८६९ चं सेंट मेरी चर्च. पलटणीला भाजी, मासळी, कपडे पुरवणाऱ्यांचा बाजारही तिच्या आधारानंच वाढला. किल्ला शत्रूला अडवायला बांधला होता, कॅम्प मात्र फौजेला वर्षानुवर्षं राहता यावं म्हणून आखला.

आज ओळखायची सोपी खूण म्हणजे कारभार. कॅम्प महापालिकेच्या हाताखाली येत नाही, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रही इकडचंच. या रेजिमेंटची मुळं १७६८ पर्यंत, मुंबईच्या पलटणींपर्यंत जातात. ती बेळगावात जन्मली असं काही जण अभिमानानं सांगतात, पण ते बरोबर नाही. ती इथं येऊन रुजली, आणि आम्हाला तेवढंही पुष्कळ आहे. पहाटे धावणारी रंगरूट पोरं पाहिली की अजून मान ताठ होते.

कॅम्पातला माणूस खरेदीला निघाला की आजही म्हणतो, "जरा गावात जाऊन येतो."