न्हाण (युद्धोत्तर मुंबई)

न्हाण : मुलीचे प्रथम रजोदर्शन व त्या निमित्ताने होणारे विधी. न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे हे रूढ वाक्प्रचार, धर्मशास्त्रात ऋतुप्राप्ती. या नोंदीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साधारण दोन दशकांतील मुंबईच्या मराठी वस्तीपुरताच विचार केला आहे.

‘न्हाण’ हा शब्द सं. स्नान, प्रा. ण्हाण यावरून आला. चौथ्या दिवशीच्या स्नानाचे नाव सबंध प्रसंगाला मिळाले आणि अशा मुलीला ‘न्हाणवली’ म्हणू लागले. ‘पदर येणे’ म्हणजे बहुधा पदर घेण्याचे वय येणे. ‘कावळा शिवणे’ या प्रयोगाची उपपत्ती दोन प्रकारे लावतात. आई किंवा आत्या कोपऱ्यात का बसली, या मुलांच्या प्रश्नाला दिलेली ती थाप, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे कावळ्याचा स्पर्शच अशुभ व स्नानास कारण मानला जाई. तोच संकेत इकडे वळला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण थापेसाठी कावळाच का निवडला याचा उलगडा पहिल्याने होत नाही.

न्हाणाचा मूळ विधी विवाहित मुलीचा. लग्न आधी, न्हाण मागून आणि त्यानंतर ऋतुशांती व गर्भाधान (फलशोभन) हा क्रम. तो प्राचीन आहे काय, यावर बराच वाद झाला. गृह्यसूत्रांतील चतुर्थीकर्म, म्हणजे विवाहानंतर चौथ्या रात्रीचा समागमविधी, वधू प्रौढ असल्याचे गृहीत धरतो. ऋतुमती कन्येने तीन वर्षे वाट पाहून अनुरूप पती स्वतः मिळवावा, असे मनुस्मृतीत (९·९०) आहे. उलट ‘अष्टवर्षा भवेद् गौरी’ हे पराशरस्मृतीतील वचन दहा वर्षांपुढील मुलीस रजस्वलाच गणते. सूत्रग्रंथांतील ‘नग्निका’ या शब्दाचा अर्थही वादग्रस्त आहे : न्हाण न आलेली मुलगी, की विवाहयोग्य झालेली? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी समागमासाठीच्या तिच्या किमान वयाची मर्यादा १० वरून १२ वर आणली, त्या वेळी रा. गो. भांडारकर व लोकमान्य टिळक यांच्यात याच वचनांवरून खडाजंगी झाली. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान लांबवता येते की नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा. पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात सूत्रकाळी प्रौढविवाह प्रचलित असल्याकडे कौल दिला आहे. तो आता सामान्यतः मान्य होतो.

वाद शास्त्राचा असला, तरी रूढी मोडली ती लग्नाचे वय वाढल्याने. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या सारडा (बालविवाह प्रतिबंधक) कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, १९४९ मध्ये ते १५ झाले, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही १५ च राहिले. कायद्यापेक्षा शाळेचा व खर्चाचा रेटा कदाचित मोठा असावा. परिणाम मात्र एकच : न्हाण सासरऐवजी माहेरी येऊ लागले. सासरी ते आनंदाचे होते. मखर सजवून मुलीला त्यात बसवीत, चौथ्या दिवशी हळद-तेल लावून न्हाऊ घालीत, हिरवे लुगडे नेसवून ओटी भरीत. बायका गाणी म्हणत, साखर वाटली जाई. माहेरी, बिनलग्नाच्या मुलीचे, तेच लपवण्याजोगे झाले. मखर गेले, ‘बाहेर बसणे’ तेवढे उरले.

पण बसायचे कुठे? बी. डी. डी. चाळीतली खोली सुमारे १६० चौ. फुटांची, गिरगावातल्या दोन खोल्यांत आठ-दहा माणसे. शहराची वस्ती १९४१ ते १९५१ या काळात सुमारे १५ लाखांवरून २३ लाखांवर गेली. वाड्याच्या माजघराला लागून जी अडचणीची (विटाळाच्या दिवसांत बसण्याची) खोली असे, तिची जागा इथे दाराआडचा कोपरा, एक चटई आणि वेगळे ताट-भांडे यांनी घेतली. पुष्कळ घरांत बंधन स्वयंपाक व देवापुरतेच राहिले. चौथ्या दिवशी नळ जाण्याआधी, पहाटेच, बंबातले पाणी काढून मोरीत न्हाणे उरकावे लागे. विटाळाच्या दिवसांत वापरायच्या कापडाच्या घड्या जुन्या लुगड्याच्या. धुतलेल्या घड्या गॅलरीतल्या दोरीवर परकराखाली झाकून वाळत घालीत. अर्थात त्या परकराखाली काय आहे हे सगळ्या मजल्याला ठाऊक असे. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, त्याच वर्षी कापडावरही नियंत्रण आले, आणि युद्ध संपले तरी ‘कंट्रोल’चा जाच लगेच सरला नाही. जुनेर कापड त्यामुळे मोलाचे झाले. साखर वाटायची म्हटली तरी ती कार्डावर मोजून मिळणारी.

वेशावरून वय कळे : फ्रॉक, मग परकर-पोलके, मग गोल पातळ. न्हाणानंतर चाळीच्या चौकातली लंगडी व पकडापकडी बंद होई, सागरगोटे चालत.

गिरणगावात पुरुषांच्या मानाने स्त्रिया बऱ्याच कमी. पुष्कळ कामगारांची बायका-मुले कोकणात किंवा घाटावर असत, त्यामुळे त्यांच्या मुलींचे न्हाण गावच्या रीतीने होई. शेजारच्या तेलुगू घरांत व धारावीतील तमिळ वस्तीत (मंजळ नीराट्टु विळा, म्हणजे हळदीच्या पाण्याचे न्हाण) हा सोहळा उघडपणे होत राहिला.

मुलीला आधी काही सांगण्याची पद्धत नव्हती. सांगायचे ते त्याच दिवशी, बहुधा आजी किंवा शेजारच्या काकूकडून, आणि तेही काय करू नये एवढेच. छापील मराठीत हा विषय मोकळेपणाने मांडणारे र. धों. कर्वे यांचे समाजस्वास्थ्य मासिक १९२७ ते १९५३ या काळात मुंबईतून निघाले, पण ते मुलींच्या हाती पडण्यासारखे नव्हते. १९४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संस्थेचा भर आरंभी विवाहितांवर होता. शाळकरी मुलींनी आपली सोय भाषेत केली. विटाळ हा शब्द घरी ठेवून त्या आपसांत ‘एम. सी.’ म्हणत, पुढे ‘पाळी’ रूढ झाला. औषधांच्या दुकानातून तयार पट्ट्या मिळू लागल्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून.