जाहिरात ओलांडणारं बटण गेलं कुठे?

टिव्हो नावाचा टीव्ही रेकॉर्डर अमेरिकेत १९९९ मध्ये बाजारात आला. चालू कार्यक्रम थांबवायचा, मागे न्यायचा, रात्रीची मालिका सकाळी बघायची, हे सगळं त्याला यायचं. त्याच्या रिमोटवर सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, मग ३, मग ० आणि पुन्हा सिलेक्ट अशी बटणं ओळीने दाबली, की एका बटणाचं काम बदलायचं. ते दाबताच चित्र तीस सेकंद पुढे उडी मारायचं. तिकडची टीव्हीवरची जाहिरात तेव्हा बहुतेकदा तीस सेकंदांचीच असायची, त्यामुळे ही उडी कशासाठी आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. कंपनीने मात्र ती जाहीरपणे मिरवली नाही. सोय तयार करून मग लपवून ठेवली जाते, तेव्हा त्याचं कारण ‘तंत्र जमत नाही’ हे नसतं.

तंत्र खरं तर फार अवघड नाही. डिजिटल प्रक्षेपणातला व्हिडिओ वाहिनीकडूनच दाबून लहान केलेला येतो. रेकॉर्डरचा बॉक्स तो जसाच्या तसा हार्डडिस्कवर उतरवतो. जाहिराती ओळखायच्या तर सांधे शोधायचे. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये, आणि दोन जाहिरातींच्या मध्येही, पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि आवाज थांबतो. असे काळे क्षण पंधरा-तीस सेकंदांच्या अंतराने ओळीने सापडले, की तो ब्रेक समजायचा. कधीमधी सिनेमातला अंधारा प्रसंगही जाहिरात म्हणून गाळला जातो, पण एकूण काम भागतं.

रिप्ले टीव्ही या रेकॉर्डरने २००१ मध्ये हे उघडपणे केलं: ब्रेक आपोआप गाळला जायचा, शिवाय रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या रिप्ले टीव्हीवाल्याला पाठवता यायचा. मोठे स्टुडिओ आणि वाहिन्या लगेच कोर्टात गेल्या. निकाल लागायच्या आधीच, २००३ मध्ये, बनवणाऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं. नव्या मालकाने पुढचं मॉडेल काढलं, त्यात या दोन्ही सोयी नव्हत्या.

इथे कायद्याकडे बोट दाखवावंसं वाटतं, पण २०१२ मधली गोष्ट वेगळंच सांगते. अमेरिकेतल्या डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीने (आपल्याकडच्या डिश टीव्हीशी तिचा संबंध नाही) हॉपर नावाचा बॉक्स आणला. एबीसी, सीबीएस, फॉक्स आणि एनबीसी या चारही मोठ्या वाहिन्यांचे रात्रीचे कार्यक्रम तो रोज आपणहून रेकॉर्ड करायचा, आणि तेही एकाच ट्यूनरवर. ट्यूनर एका वेळी एक वाहिनी नाही, एक फ्रिक्वेन्सी पकडतो. त्या फ्रिक्वेन्सीवर डझनभर वाहिन्या असतील तर तत्त्वतः सगळ्याच उतरवता येतात. रेकॉर्डरवरचं ‘एका वेळी दोनच रेकॉर्डिंग’ हे बंधन म्हणजे दर वेळी निसर्गनियम नसतो.

हॉपरची जाहिराती गाळण्याची पद्धत तर आणखी मजेशीर होती. काळ्या पडद्याची भानगडच नाही. कंपनीची माणसं रोज रात्री ते कार्यक्रम बघायची आणि प्रत्येक ब्रेक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याच्या खुणा करायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणांची छोटी फाइल ग्राहकांच्या बॉक्सपर्यंत जायची. मूळ रेकॉर्डिंगला कुणी हात लावत नव्हतं.

फॉक्सने दावा ठोकला. घरी बघण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणं गैर नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं होतं. त्याच आधारावर अपील कोर्टाने २०१३ मध्ये हॉपरवर बंदी घालायला नकार दिला. म्हणजे तंत्र तयार, कोर्टही आड आलेलं नाही. तरी सोय कापली गेलीच.

कारण ज्या वाहिन्यांच्या जाहिराती गाळायच्या, त्याच वाहिन्या दाखवायचा करार डिशला दर काही वर्षांनी करावा लागतो. करार फिसकटला की वाहिनी बंद, आणि ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे. २०१४ मध्ये एबीसीच्या मालकांशी, म्हणजे डिस्नेशी, झालेल्या करारात ठरलं की प्रक्षेपणानंतर तीन दिवस ब्रेक आपोआप गाळायचा नाही. त्याच वर्षाअखेरीस सीबीएसबरोबर आणि २०१६ मध्ये फॉक्सबरोबर सात दिवस ठरले. हे तीन आणि सात आले कुठून? प्रेक्षकसंख्या मोजणारी नील्सन ही संस्था प्रक्षेपणानंतर तीन दिवसांत किंवा सात दिवसांत बघितलेल्या जाहिराती मोजते, आणि जाहिरातदार त्या आकड्यांवर पैसे देतो. आठव्या दिवशी तुम्ही जाहिरात गाळली काय, बघितली काय, कुणाचं काही जात नाही. माझ्या मते रेकॉर्डरमधल्या गायब सोयींचं याहून स्वच्छ स्पष्टीकरण मिळणार नाही.

आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्डिंगवाला बॉक्स आणला, नंतर इतरांनीही आणले. ‘हे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर का घेता येत नाही?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा. डीटीएचचा सिग्नल कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. बॉक्स तो उलगडतो खरा, पण डिस्कवर ठेवताना स्वतःच्या चिपमधल्या वेगळ्या किल्लीने पुन्हा बंद करतो. ती डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर हाती नुसता कचरा लागतो, आणि बॉक्स बिघडला की जमवलेलं सगळं गेलं. बऱ्याच सेवांमध्ये रिचार्ज संपला की तुमचंच रेकॉर्डिंग तुम्हाला दिसत नाही. बॉक्समध्ये काय असावं हे सेवा देणारी कंपनी ठरवते, आणि तिचे करार वाहिन्यांशी असतात.

आता उलटी बाजू बघा. डीडी फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या कूटबद्ध नसतात. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या अनेक बॉक्सना मागे यूएसबीची खाच असते. पेनड्राइव्ह लावा, रेकॉर्डचं बटण दाबा, आणि सह्याद्रीवरचं नाट्यगीत लॅपटॉपवर नेऊन ऐका.