अरेषीय विसरण समीकरणांच्या कालपद पद्धती : त्रुटी-विश्लेषण

उष्णता, वायू किंवा पाणी एखाद्या माध्यमात पसरत असताना विसरणाचा गुणांक त्या राशीवरच अवलंबून असेल, तर मिळणाऱ्या समीकरणास अरेषीय विसरण समीकरण म्हणतात. ते संगणकाने सोडवताना काळ लहान लहान टप्प्यांत, म्हणजे कालपदांत, विभागला जातो. अशा गणनेतून आलेले उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे, याचा अंदाज बांधणे हा त्रुटी-विश्लेषणाचा विषय होय.

या क्षेत्रातील नमुन्याचे उदाहरण म्हणजे सच्छिद्र माध्यमाचे समीकरण. त्यात घनतेच्या बदलाचा दर हा घनतेच्या म-व्या घाताच्या लाप्लासियनाइतका (दिशांनुसारच्या दुसऱ्या अवकलजांच्या बेरजेइतका) असतो (म > १). घनता शून्य होते तेथे विसरण गुणांकही शून्य होतो, आणि म्हणून साध्या उष्णता समीकरणाच्या उलट येथे पसरणाऱ्या राशीला स्पष्ट, मर्यादित वेगाने सरकणारी कड असते. १९५२ मध्ये बारेनब्लाट यांनी अभ्यासलेले स्वसदृश (काळाबरोबर आकार तोच राखून फक्त माप बदलणारे) उत्तर हे दाखवते : एका मितीत म = २ असताना कडेचे अंतर काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे काळ आठपट झाला की अंतर दुप्पट होते. म > २ असल्यास कडेशी घनतेचा उतार अनंत होतो. पाठ्यपुस्तकी पद्धतीने टेलर विस्तार करून (उत्तर त्याच्या अवकलजांच्या मालिकेत मांडून) त्रुटीचा घातांक, म्हणजे त्रुटी कालपदाच्या कितव्या घाताने घटते ते, काढायचा, तर उत्तराचे अवकलज मर्यादित असावे लागतात. येथे नेमकी तीच अट मोडते.

व्यक्त पद्धतीत पुढील टप्प्याचे मूल्य आधीच्या मूल्यांवरून थेट काढतात. तीत उत्तर बेसुमार भरकटू नये म्हणून, म्हणजे स्थिरतेसाठी, एका मितीत कालपद हे मोजणीच्या बिंदूंच्या जाळीतील अंतराच्या वर्गाला विसरण गुणांकाच्या कमाल मूल्याच्या दुपटीने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा मोठे चालत नाही. अंतर निम्मे केले की पदांची संख्या चौपट होते. म्हणून व्यवहारात अव्यक्त ऑयलर पद्धतीकडे (जीत पुढील टप्प्याचे मूल्य प्रत्येक पदात एक समीकरण सोडवून मिळते) वळावे लागते, आणि तिचे खरे बळ केवळ स्थिरतेत नाही. दोन उत्तरांतील फरक घेतला, तर विसरण पद त्या फरकाला वाढू देत नाही. एका पदात झालेली चूक पुढील पदांत फुगत नाही, नुसती बेरजेत जमा होते. समीकरणाशी सुसंगत पद्धत स्थिर असेल तर तिचे उत्तर खऱ्या उत्तराकडे जाते, असे सांगणारे रेषीय समीकरणांसाठीचे लॅक्स–रिश्टमायर प्रमेय (१९५६) येथे लागू पडत नाही. ती उणीव हा गुणधर्म भरून काढतो.

याच आधारावर १९७१ मध्ये क्रँडल आणि लिगेट यांनी व्यापक बानाख अवकाशांसाठी (ज्यांत फलनांमधील अंतर मोजता येते अशा संचांसाठी) सिद्ध केले की सर्व पदे समान घेतल्यास त्रुटी पदांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणाहून मोठी राहत नाही. हा अंदाज तसा निराशाजनक आहे, कारण हमी दहापट कडक करायची तर पदे शंभरपट लागतात. मात्र समीकरण हिल्बर्ट अवकाशात (ज्यात अंतराबरोबर कोनही मोजता येतो अशा बानाख अवकाशात) एखाद्या बहिर्वक्र ऊर्जेचा उतार म्हणून मांडता आले आणि प्रारंभिक मूल्य पुरेसे नियमित असेल, तर हमी पहिल्या घाताची होते, म्हणजे त्रुटी कालपदाच्या प्रमाणात घटते, आणि शंभरऐवजी दहापट पदे पुरतात. २००० मध्ये नोकेत्तो, सावारे आणि वेर्दी यांनी मिळालेल्या उत्तरावरूनच त्रुटीची वरची मर्यादा काढण्याची रीत दिली. तिच्या आधारे कालपद बदलत नेता येते.

एक व्यावहारिक बाब सहज नजरेआड होते. प्रत्येक पदातील अरेषीय समीकरण न्यूटन पद्धतीने (अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत) अपुरे सोडवले, तर ती उरलेली चूक पदांच्या संख्येने गुणली जाते; म्हणून पहिल्या घाताची अचूकता टिकवायची असेल, तर ही चूक कालपदाच्या वर्गाच्या मानाने ठेवावी लागते.

पदाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या मूल्यांची सरासरी घेणारी क्रँक–निकोल्सन पद्धत (१९४७) कागदावर दुसऱ्या घाताची आहे, पण प्रारंभिक मूल्य खडबडीत असल्यास तीत हेलकावे उठतात आणि घनता ऋण होऊ शकते. म ही पूर्णांक संख्या नसेल, तर ऋण घनतेच्या म-व्या घाताला अर्थच उरत नाही. म्हणून रेषीय समीकरणांसाठी रानाखर यांनी १९८४ मध्ये अभ्यासलेला उपाय येथेही वापरला जातो : पहिली काही पदे अव्यक्त ऑयलरने घ्यायची, आणि मगच क्रँक–निकोल्सनकडे वळायचे.